कोपरापासून नमस्कार

रविवारी मालिशचं केंद्र बंद असायचं, म्हणून बैठक खालीच, गिऱ्हाइकांच्या खोलीत ठेवली होती. वर ठेवली असती तर ती घरची बैठक झाली असती, आणि घरात ताईचा विषय निघत नसे. खाली निदान धंद्याचं नाव पुढे करता येत होतं.

ताई रस्त्याच्या बाजूच्या दारातून आली, गिऱ्हाइकासारखी. दारावरची घंटी किणकिणली तसे सगळे उठून उभे राहिले आणि उभं राहिल्यावर काय करायचं ते कोणालाच सुचेना. धाकटा पुढे झाला आणि बहिणीच्या हातातली पिशवी घेतली, तेवढंच. थोरल्याने घड्याळाकडे पाहिलं. केंद्राच्या वेळा सांभाळता सांभाळता तो आनंदाच्या प्रसंगीही घड्याळाकडेच पाहायला शिकला होता. बाबा खिडकीपाशी बसले होते ते तसेच बसून राहिले.

"बस," ते म्हणाले. खुर्चीकडे बघून म्हणाले, त्यामुळे ते मुलीला म्हणाले असं कोणाला सिद्ध करता आलं नसतं.

मोठी कोपऱ्यातल्या ओट्यावर चहा गाळत होती. ती थोरल्याची बायको. या घरात आली त्या दिवसापासून तिला मोठी म्हणायचे, कारण पुढे धाकटी येईल अशी सगळ्यांची खात्री होती. धाकट्याने अजून मनावर घेतलं नव्हतं, त्यामुळे ती एकुलती एक मोठी होती. पण नाव खोटंही नव्हतं. बाबांनी काम सोडल्यापासून केंद्र तिच्या हातांवर चालत होतं. फोन करणारी माणसं "वेळ आहे का" असं विचारत नसत. "बाई आहेत का" असं विचारत. बाई नसल्या तर पुढच्या आठवड्यातली वेळ घेत. त्याच वेळी धाकटा शेजारच्या खोलीत रिकामा बसलेला असे.

तिने भांडं दोन्ही तळव्यांत धरून वाकवलं. गाळणीची दांडी पहिल्या दोन बोटांच्या फटीत अडकवली होती. अंगठा दोन्हीकडे बाहेरच होता, पंगतीला न बोलावलेल्या पाहुण्यासारखा.

उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाला लागून, एक सांधा असतो. त्याची दोन हाडं खोगिरासारखी एकमेकांवर बसतात, म्हणून अंगठा सगळ्या बाजूंना फिरतो. पण म्हणूनच तो झिजतोही लवकर. टोकाशी जेवढा दाब द्यावा त्याच्या कितीतरी पट मुळाशी पोचतो. मोठी हे कुठे शिकली नव्हती. तिला एवढंच कळत होतं, की आधी काम संपल्यावर दुखायचं, मग काम करताना दुखू लागलं, आणि आता कामाच्या आधीच, टॉवेल पिळताना, दुखतं. डाव्याचीही तीच वाट होती, थोडी मागून. तिने हे कोणालाच सांगितलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि तिच्या बाबतीत तर मूठ झाकणंच अवघड झालं होतं.

आज दुपारी मूठ उघडणार होती. धावपटूंच्या एका क्लबला आपल्या मुलामुलींसाठी वर्षभर काम करणारं केंद्र हवं होतं. त्यांच्या ट्रेनरने दोन-चार ठिकाणी पाहून झाल्यावर थोरल्याला फोन केला होता. बोलणं जवळजवळ झालं होतं. फक्त त्याची एक अट होती: बाईंचं एवढं ऐकलंय, तर करार करण्याआधी मी स्वतः बाईंच्या टेबलावर झोपून बघणार. थोरल्याने आनंदाने हो म्हटलं. आणि एवढं काम दोघांच्याने निभणार नाही हे ओळखून, बाबांना न विचारता, बहिणीला फोन लावला. बाबांना सकाळी सांगितलं. बाबांनी त्यावर अंघोळ करून येतो म्हटलं आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत.

*

चहाबरोबर बिस्किटं आली आणि बोलणं धंद्यावर आलं, तसा सगळ्यांना हुरूप चढला. थोरला म्हणाला, तीन टेबलं, तीन माणसं, क्लबची मुलं सकाळी आणि नेहमीची गिऱ्हाइकं दुपारनंतर. ताईने ऐकून घेतलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला तिच्या स्वतःच्या दोन खोल्या होत्या, त्या ती बंद करायला तयार होती. भाडं वाढलं होतं आणि एकटीने फोन घ्यायचा, चादरी धुवायच्या, काम करायचं, न आलेल्या गिऱ्हाइकांची वाट बघायची, याचा तिला कंटाळा आला होता. पण तिला काही गोष्टी आधीच बोलून घ्यायच्या होत्या. वेळ घेऊन न येणाऱ्याचं काय करायचं? थोरला म्हणाला, आम्ही काही करत नाही, माणसं नाराज होतात. ताई म्हणाली, म्हणूनच येत नाहीत. लग्नाकार्यात भेटलेले नातेवाईक "जरा मान बघ ना" म्हणून पाठ पुढे करतात, त्यांचं? धाकटा म्हणाला, त्यांना मी सांगतो, आज नखं वाढलीत. यावर बाबाही हसले, पण हसू मिशीतच ठेवलं.

मग ताईने विचारलं, की मी माझी गिऱ्हाइकं घेऊन आले आणि उद्या आपलं नाही पटलं, तर ती कोणाची?

"केंद्राची," थोरला म्हणाला. त्याने हे आधीच ठरवून ठेवलं असावं, इतक्या पटकन.

"गिऱ्हाईक केंद्राचं नसतं रे. माझंही नसतं. ते आपल्या पाठीचं असतं. पाठीला जिथे बरं वाटेल तिथे जातं."

हे बोलणं जुन्या जखमेच्या फार जवळून गेलं. ताई गेली तेव्हा तिच्यामागे बरीच माणसं गेली होती. ती मी पळवली नाहीत, असं ती तेव्हाही म्हणाली होती.

ती गेली होती ती एका कोपरापायी. बाबांची सगळी विद्या अंगठ्यात होती. तेल लावलेला अंगठा पाठीच्या कण्याच्या कडेने खाली उतरायचा आणि गाठ कुठे आहे, किती जुनी आहे, तिच्यामागे दुसरी दडलीये का, हे सगळं वाचत जायचा. शाळेत फारसं न गेलेले बाबा स्वतःला चेष्टेने अंगठाबहाद्दर म्हणवून घ्यायचे. ताई त्यांची पहिली शिष्या. एकदा एका हमालाच्या दगडासारख्या पाठीवर तिने अंगठ्याऐवजी कोपर टेकवलं, आणि नेमके तेव्हाच बाबा दार लोटून आत आले. कोपर म्हणजे लाथ, ते म्हणाले. माणसाला हाताने हात लावायचा असतो. ताई म्हणाली, त्यांना बरं वाटतंय, त्यांनाच विचारा. शब्दाने शब्द वाढला. शेवटी ताईने निघताना बाबांना कोपरापासून नमस्कार केला, अगदी खरोखरीचा, दोन्ही हात वर नेऊन. तेव्हापासून या घरात ती म्हण कोणी वापरत नसे.

त्या भांडणात मोठी बाबांच्या बाजूने बोलली होती. नवी होती, बाजू घ्यायची तर ज्यांच्या हाती केंद्र आहे त्यांची घ्यावी एवढं तिला कळत होतं. ताईची रिकामी खोली मग तिलाच मिळाली.

"ये," बाबा आता म्हणाले. "यायचं तर ये. पण या छपराखाली कोपर लागणार नाही. एवढं कबूल असेल तर पुढचं बोला."

ताईने बिस्किटाचा तुकडा बशीत ठेवला. ती म्हणाली, की आता तिचं सगळं काम कोपरावर आणि हाताच्या पुढच्या भागावर चालतं. ते सोडायचं तर तिने येण्यात काय अर्थ आहे? थोरला दोघांच्या मध्ये पडून म्हणाला, की ते नंतर बघू, आधी आजची दुपार पार पडू दे. धाकट्याने विचारलं, अर्धं कोपर चालेल का. कोणी हसलं नाही.

मोठी रिकामे कप गोळा करत होती. ताईचा कप तिने असाच दोन बोटांच्या फटीत उचलला. ताईची नजर त्या बोटांवर गेली, तिथून मनगटावर, आणि मग वर, चेहऱ्यावर येऊन थांबली.

"चादरी कुठे ठेवता हल्ली?" ताई म्हणाली. "चल, दाखव मला."

*

आतल्या खोलीत टेबलाच्या बाजूला उभं राहून ताईने हात पुढे केला. मोठीने आपला दिला नाही.

या घरात एक रीत होती: घरच्या अंगाला हात लावायचा नाही. टेबलावर झोपतो तो गिऱ्हाईक, आणि गिऱ्हाइकाचं ऐकावं लागतं. घरात कोणी कोणाचं ऐकत नाही, असं बाबा म्हणायचे. त्यामुळे परक्यांच्या पाठी वाचण्यात ज्यांची हयात गेली ती माणसं एकमेकांच्या बाबतीत आंधळी होती. थोरल्याचा खांदा, धाकट्याचा गुडघा, बाबांची मान, सगळं आपापलं. मोठीचा अंगठा इतके दिवस लपला तो तिच्या हुशारीने नव्हे. बघणारंच कोणी नव्हतं. ताई बाहेर राहिली होती, म्हणून तिची नजर शाबूत होती.

"कधीपासून?"

"गेल्या उन्हाळ्याच्या आधीपासून," मोठी म्हणाली. म्हणायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं. "ताई, बाहेर बोलू नका."

"मी गप्प बसेन. पण दुपारी तो माणूस झोपेल तेव्हा त्याची पाठ गप्प बसणार आहे का? अशा लोकांना रोज कोणी ना कोणी दाबून देत असतं. पहिल्या दोन मिनिटांत कळेल त्याला."

मोठी म्हणाली, की तिने विचार केलाय. आज तेवढं ती रेटून नेईल. एकदा करार झाला की हळूहळू धाकट्याकडे माणसं वळवेल. ताईने विचारलं, आणि तू? मोठी टेबलावरची चादर सारखी करू लागली. तिच्या मते तेच तर बोलायचं नव्हतं. या घरात ती कोण होती? दुसऱ्या घरातून आलेली मुलगी, जिला स्वयंपाक बेताचा येत होता आणि हिशोब मुळीच येत नव्हता. तिच्या हातांनी तिला इथे जागा करून दिली होती. बाबा सुनेशी फारसं बोलत नसत. पण कठीण पाठ आली की तिला हाक मारत. हात गेले की हाक गेली.

ताईने पदराला हात पुसावा तसा आपला उजवा हात ओढणीला पुसला आणि मनगट पुढे केलं. अंगठ्याच्या मुळाशी एक छोटा उंचवटा होता, मोठीच्या हाताशी जुळणारा.

"बाबांशी भांडायची हौस नव्हती मला तेव्हा," ती म्हणाली. "अंगठा चालतच नव्हता. पण तेवढं म्हणायला लाज वाटली. मग तत्त्वाचं भांडण केलं. ते सोपं असतं."

मोठी त्या उंचवट्याकडे बघत राहिली. मग तिने आपला हात ताईच्या हातात दिला. ताईने दाबलं नाही, चोळलं नाही. नुसता सांध्याला खालून आधार दिला आणि अंगठा किंचित बाहेर खेचून धरला. दुखणं जागेवरून उठून उभं राहावं तसं झालं, आणि मग थोडं लांब जाऊन बसलं. मोठीला रडू आलं नाही, राग आला. इतकं साधं होतं तर इतके दिवस कोणी का केलं नाही?

"चला," ती म्हणाली. "मीच सांगते."

*

तिने सांगितलं ते उभ्यानेच, थोडक्यात. अंगठे गेलेत, दोन्ही. आज ट्रेनरला जे हवंय ते माझ्याकडे नाही.

थोरला उठून तिच्यापाशी आला. मग म्हणाला, "मी तुला एकामागून एक माणसं देत गेलो. मध्ये पाणी प्यायलासुद्धा वेळ ठेवला नाही." आणि लगेच, जणू एवढ्याने भागणार नाही म्हणून, त्याने सगळं उलटं फिरवलं. करार नको. क्लब नको. मी आत्ता फोन करून सांगतो. तू उद्यापासून पुढे बस, फोन घे, वेळा दे. टेबलाकडे फिरकायचं नाही. तो प्रेमाने बोलत होता आणि प्रत्येक वाक्यासरशी मोठीच्या पायाखालची फरशी एकेक करून निघत होती.

धाकट्याला मात्र करार सोडवेना. त्याला आयुष्यात पहिल्यांदा धावपटू मिळणार होते. कंबर धरलेल्या काकांना आणि मान आखडलेल्या शिंपीणबाईंना तो कंटाळला होता, आणि ती माणसंही त्याला कंटाळली होती. तो पुढे सरकून बसला. त्याची युक्ती अशी: ट्रेनर आला की वहिनीने हसून बोलायचं, कुठे दुखतं विचारायचं, त्याला पालथं झोपवायचं. एकदा टेबलाच्या भोकात तोंड घातलं की त्याला दिसणार काय? फरशी आणि चपला.

"ताईनं वहिनीच्या चपला घातल्या की झालं," तो म्हणाला. "वहिनीनं बोलायचं, ताईनं करायचं."

हे ऐकून हसायला हवं होतं. पण खोलीत जी शांतता पसरली ती विचार करणाऱ्यांची होती. थोरल्याने तर खरोखरच दोघींच्या पावलांकडे पाहिलं. मोठीनेही पाहिलं, हे तिला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं. माप जवळजवळ सारखंच होतं. एक दुपार. फक्त एक दुपार, आणि सगळं जिथल्या तिथे राहिलं असतं.

"नाही," ती म्हणाली. "पालथ्या माणसाला फसवायचं नाही. तो डोळे खाली करतो ते आपल्या भरवशावर."

"आणि माझं काम माझ्या नावानं होईल," ताई म्हणाली. "दुसऱ्याच्या चपला घालायच्या असत्या तर मी गेलेच नसते."

"मग पुढे बस म्हणतोय ना मी," थोरला म्हणाला. "त्यात कमीपणा काय आहे? मी नाही का बसत?"

"तुम्हाला बसायला आवडतं. मला नाही आवडत." मोठीचा आवाज चढला नव्हता, पण ती थांबली नाही. "हातावर पोट आहे म्हणून म्हणत नाही मी. मला माणसं हातानं कळतात. बोलून नाही कळत, मी बोलण्यात कच्ची आहे. तुम्ही मला फोनवर बसवलंत तर मला कोणी कळायचंच नाही. तुम्हीसुद्धा."

थोरल्याने घड्याळाकडे पाहिलं नाही. तो बायकोच्या हातांकडे बघत होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि त्याच्या मानेला तिने कधी हात लावला नव्हता, रीत होती म्हणून.

बाबा इतका वेळ खिडकीबाहेर पाहत होते. समोरचं सायकलचं दुकान बंद होतं, तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. त्यांचे हात मांडीवर उताणे पडले होते आणि दोन्ही अंगठे आत, तळव्याकडे झुकलेले होते. ते तसेच असत; घरात सगळ्यांना वाटे म्हातारपणी असंच होतं. बरणीचं झाकण त्यांना निघत नसे, तेव्हा ते बरणीला शिव्या देत.

"वय नव्हतं तर हे," ते आपल्या हातांना म्हणाले. मग मोठीकडे वळले. "कोपर लावून दाखव."

"कोणाला?"

"मला. शर्ट काढतो."

थोरला काही म्हणायला गेला, तर बाबा म्हणाले, रीत मी केली होती, मीच मोडतोय, तुझं काही जात नाही. आणि एवढ्याने मऊ झालो असं कोणी समजू नये. मला पटलं नाही तर पुन्हा तोच विषय नको.

*

बाबा आतल्या खोलीत टेबलावर पालथे झोपले. टेबल त्यांनी स्वतः बनवलेलं, जाड लाकडाचं, हलता न हलणारं. ताईने मोठीला दाखवलं: टोक नाही लावायचं, हाड टोचतं, कोपराच्या पुढचा हा मांसल भाग ठेवायचा, मनगट सैल सोडायचं, आणि जोर लावायचा नाही. अंगाचा भार हळूच ओतायचा. घाई केलीस तर कोपर आंधळं, थांबलीस तर त्यालाही कळतं.

मोठीने हात टेकवला. भार ओतायला गेली तर टाचा उचलल्या गेल्या. ती चवड्यांवर उभी राहिली, खांदा कानाला लागला, आणि तरीही बाबांच्या पाठीवर काही पोचेना.

"कबूतर बसलंय का?" बाबा भोकातून म्हणाले.

धाकटा खोकला. मोठीने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा कबूतरच. म्हणजे हेही आपल्याला जमणार नाही, असं तिच्या मनात आलं, आणि ताईकडे बघायचं तिने टाळलं.

ताई टेबलाभोवती फिरून आली. मग मोठीच्या शेजारी जाऊन म्हणाली, "सरळ उभी राहा. हात खाली सोड. मूठ वळ. जमेल तेवढीच."

मोठीने हात खाली सोडला. तिची मूठ टेबलाच्या फळीच्या कितीतरी खाली लोंबत राहिली. टेबल जवळजवळ तिच्या बेंबीला टेकत होतं.

"बाबा, उठा आणि बघा," ताई म्हणाली.

बाबा उठून बसले, टॉवेल गुंडाळून खाली उतरले. त्यांनी सुनेच्या मुठीकडे पाहिलं. मग ते स्वतः टेबलाला लागून उभे राहिले आणि हात सोडला. त्यांची मूठ फळीच्या बरोबर वर येऊन टेकली. ते उंच होते. टेबल त्यांनी आपल्या मापाने बनवलं होतं, आणि पुढची दोन टेबलं या टेबलाच्या मापाने बनवली होती. ताई बुटकी. मोठी तिच्याहून बुटकी. दोघींनी वर्षानुवर्षं वरून भार देण्याऐवजी समोरून, नुसत्या अंगठ्याने, दुसऱ्याच्या उंचीच्या टेबलावर पाठी दाबल्या होत्या. अंगठा किती सोसणार?

हे कोणी मोठ्याने म्हटलं नाही. ज्याला त्याला आपापल्या गतीने दिसत गेलं. बाबांना बहुधा सगळ्यात शेवटी दिसलं, कारण ते आळीपाळीने आपली मूठ आणि तिची मूठ बघत राहिले.

"करवत कुठे आहे?" ते म्हणाले.

थोरला म्हणाला, बाबा, ट्रेनर यायची वेळ होत आलीये. बाबा म्हणाले, मग पेन्सिलही आण. त्यांनी फळीपासून मोठीच्या मुठीपर्यंतचं अंतर वितीने घेतलं आणि एकेका पायावर तेवढीच खूण केली. थोरल्याने पट्टी आणून ती पुन्हा तपासली, मग पुन्हा. धाकट्याने आणि त्याने मिळून टेबल आडवं केलं. करवत बोथट होती. लाकूड जुनं आणि हट्टी होतं. दोघे भाऊ घामाघूम झाले, ताईने पाय धरून ठेवला, आणि बाबा खुर्चीवर बसून कोणाचं मनगट वाकडं जातंय ते सांगत राहिले. मोठीला त्यांनी कशाला हात लावू दिला नाही. ती फक्त उभी होती, मूठ सोडून, माप म्हणून.

चौथ्या पायाचा तुकडा कापून खाली पडला तेव्हाच दारावरची घंटी वाजली.

*

ट्रेनर आडव्या बांध्याचा, कमी बोलणारा माणूस होता. आतल्या फरशीवर भुसा, घामेजलेले दोन पुरुष, टॉवेलातले एक आजोबा, हे सगळं त्याने एकदा पाहून घेतलं आणि त्यावर काही विचारलं नाही. थोरल्याने सवयीने सुरुवात केली, की या आमच्या बाई. मोठीने त्याला हातानेच थांबवलं.

तिने ट्रेनरला सांगितलं, की ज्या अंगठ्यांचं नाव ऐकून तुम्ही आलात ते आता थांबलेत. इथे तिघं काम करतील. ही माझी नणंद, कोपराचं काम तिचं, आणि ते चांगलं आहे. हा माझा दीर, त्याच्या हातात ताकद आहे आणि अजून त्याला कोणी नीट वापरलेलं नाही. मी आजपासून ताईंकडे शिकतेय. वर्षभर एका माणसाच्या हातांवर तुमची सगळी मुलं टाकलीत तर वर्ष संपायच्या आत ते हात संपतील, मग तुम्ही आणि आम्ही दोघंही अडकू. हे शेवटचं वाक्य तिने ठरवलेलं नव्हतं. बोलताना सुचलं आणि तिचं तिलाच पटलं.

ट्रेनर म्हणाला, की त्याच्या धावपटूंना तो हेच सांगत असतो आणि ते ऐकत नाहीत. मग त्याने ताईकडे पाहिलं. ती माझ्याकडे या म्हणेल असं सगळ्यांना वाटलं. थोरल्याच्या चेहऱ्यावर तर तशी आशाच होती. ताईच्या टेबलावर ट्रेनर नक्की खूश झाला असता.

"वहिनी करेल," ताई म्हणाली. "मी बाजूला उभी आहे."

ट्रेनरने खांदे उडवले. तो आत गेला, शर्ट काढला आणि नव्याने बुटक्या झालेल्या टेबलावर पालथा झोपला. टेबल किंचित डुगडुगलं. थोरल्याने खिशातून पुठ्ठ्याची घडी काढून एका पायाखाली सारली आणि दाराबाहेर जाऊन दार लोटून घेतलं, पण पुरतं नाही.

मोठीने तेल तळव्यांनी पसरलं. मग पाय थोडे फाकवून उभी राहिली, हात टेकवला आणि भार सोडला. या वेळी टाचा जमिनीवर राहिल्या. हात खाली जात राहिला, जात राहिला, आणि कुठेतरी जाऊन थांबला. तिथे काय आहे ते तिला लगेच कळेना. अंगठ्याला एव्हाना कळलं असतं. तिने वाट पाहिली. ताई पलीकडे हाताची घडी घालून उभी होती आणि काही सांगत नव्हती.

मग हाताखाली काहीतरी हललं. मोठं, बोथट, खांद्याच्या पात्याखालून निघून कण्याकडे वाकलेलं. मोठीने भार आणखी सोडला.

"आई गं," भोकातून आवाज आला. "बाई, जरा हळू."

दाराच्या फटीत बाबांची सावली हलली. मोठीने हात उचलला नाही, थोडा मागे घेतला. इतक्या वर्षांत कोणी तिला हळू म्हटलं नव्हतं. तिला अपमान वाटायला हवा होता. तो शोधायला ती मनात जरा फिरून आली, पण सापडला नाही.

"दुखलं की लगेच सांगत जा," ती म्हणाली. "मी या कामात नवीन आहे."

आणि तिने पुन्हा भार सोडला, अगदी हळू.